जयपूरच्या भट्टीतली गारगोटी

जयपूरला गेलात की हवामहल, आमेर आणि जोहरी बाजार होणारच. त्यातून अर्धा दिवस काढा आणि सांगानेरच्या बाजूला ब्लू पॉटरीचा एखादा कारखाना बघून या. निळीशार फुलदाणी हातात घेतलीत की वाटेल, मातीचीच आहे. पण हिच्यात कुंभाराची चिकणमाती नाहीच! गारगोटीची पूड, काचेची पूड, थोडी मुलतानी माती, टाकणखार आणि डिंक, एवढाच ऐवज. हा गोळा चाकावर नीट चढत नाही, म्हणून साच्यात थापून भांडं घडवतात.

खरी परीक्षा भट्टीत. नुसती गारगोटी वितळवायची तर सुमारे १७०० अंश सेल्सिअस लागतात आणि तरीही रस वाहायचं नाव घेत नाही. तिच्यातले सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे अणू एकमेकांचे हात घट्ट धरून असतात. खार हे हात सोडवतो. म्हणून काच आणि वरची झिलई ८००-८५० अंशांतच मऊ होते, गारगोटीचे कण तसेच राहतात आणि काच त्यांना सांधते. आच कमी पडली तर भांडं खरबरीत, जास्त झाली तर झिलई ओघळते आणि कोबाल्टची नक्षी फिसकटते.

सह्याद्री चढलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. आपल्या काळ्या कातळात सिलिका जेमतेम निम्मी, लोह आणि मॅग्नेशियम भरपूर. त्यामुळे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा तो लाव्हा पातळ होता. डोंगर रचण्याऐवजी तो दूरवर पसरला, थरावर थर साचले. घाटातल्या पायऱ्या त्याच. सिलिका जास्त असती तर लाव्हा तोंडाशीच थिजला असता.

विसाव्या शतकाच्या मध्याला ही कला जवळजवळ विझली होती. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि गायत्रीदेवींच्या पाठबळावर चित्रकार कृपालसिंह शेखावत यांनी ती पुन्हा उभी केली. त्यांना १९७४ मध्ये पद्मश्री मिळाली.

भट्टी निवायला दोन-तीन दिवस लागतात. घाईने उघडली तर तडे जातात, तेव्हा कारागिराला ‘आज उघडून दाखवा’ म्हणू नका. आणि घेताना एक विचारा: झिलईत शिसं आहे का? शिशानेही झिलई सहज वितळते, म्हणून पूर्वी ते सर्रास घालत. उत्तर गोलमाल आलं तर भांडं शोभेलाच ठेवा, लोणच्याला नको.