आधी खड्डा, मग दर

घराशेजारी पोहण्याचा तलाव हवा म्हणणारा माणूस आधी दर विचारतो. फायबरचा घ्यावा की आरसीसीचा? मी म्हणतो, जेसीबी लावून सहा-सात फुटांचा एक खड्डा घेऊ, मग बोलू.

बीड जिल्ह्यात गेवराई, माजलगावकडे गोदाकाठची खोल काळी जमीन; पाटोदा, अंबाजोगाईच्या बालाघाटावर बऱ्याच ठिकाणी हातभर खणलं की मुरूम लागतो. मुरमात मी बेधडक आरसीसी करतो. हवा तो आकार, हवी ती खोली, आणि बांधकाम पिढीभर टिकतं.

काळ्या जमिनीची गोष्ट वेगळी. उन्हाळ्यात तिला मूठ जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि भिंतीला रेटते. ताठ काँक्रीटला हे दरवर्षीचं रेटणं सोसत नाही. केसाएवढी चीर पडते, पाणी सळईपर्यंत जातं, सळई गंजून फुगते आणि पापुद्रे सुटू लागतात. फायबरचा अखंड साचा थोडा लवतो, म्हणून तिथे मी फायबरच सुचवतो.

पण निघालेली काळी माती साच्याभोवती परत लोटायची नाही. ती ट्रॉलीत भरून बाहेर काढायची आणि तिथे वाळू किंवा बारीक खडी भरायची. आत पाणी फूटभर चढलं की बाहेर भराव फूटभर, दोन्ही बरोबरीने. घाई केली की भिंत आत दबते, पोट सुटतं, आणि ते नंतर सरळ होत नाही. कोपऱ्यात एक सहा इंची पाइप तळापर्यंत उभा सोडायचा. श्रावणात त्यात पाणी दिसलं तर तलाव रिकामा करायचा नाही, खालच्या पाण्याने आख्खा साचा वर उचलला जातो.

पाण्याचं बोलायलाच हवं. 30 बाय 15 फुटांच्या, सरासरी साडेचार फूट खोल तलावात सुमारे 57,000 लिटर पाणी मावतं, म्हणजे दहा हजारी सहा टँकर. शेजारच्या गावात पिण्यासाठी टँकर चालू असताना हे पाणी विकत घेऊन ओतायला मी तयार नाही. आरसीसीला तर काँक्रीट ओतल्यानंतरही आठवडाभर तरी पाणी मारावं लागतं. म्हणून विहिरीला पाणी असतं तेव्हा, दिवाळीनंतर काम सुरू करतो. भरायला पावसाळ्यात छतावरचं पाणी: हजार चौरस फूट स्लॅबवर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर 9,000 लिटरच्या आसपास मिळतं. वर आच्छादन हवंच. सेंटिमीटरभर पाणी उडालं तर एवढ्या तलावातून चारशे लिटर जातात, आणि मे महिन्यात तेवढं उडायला फार वेळ लागत नाही. आच्छादनाचे पैसे मी दरपत्रकातच धरतो, ते वेगळे काढून देत नाही.