मनोरा

तंजावरहून समुद्रावर जायचं म्हटलं की लोक तरंगंबाडी सुचवतात. डॅनिशांचा १६२०चा किल्ला, लाटा, राहायची सोय. मी पट्टुकोट्टैमार्गे मल्लिपट्टिणमला गेले. स्टँडवर मोडकंतोडकं तमिळ वाक्य जुळवत होते, तेवढ्यात रिक्षावालाच म्हणाला, “मनोरा?” इतकी वर्षं भाषांतरं करतेय, पण शब्द असा फुकटात पलीकडे पोचलेला पाहिला नव्हता.

दुसऱ्या सरफोजींनी बांधलेला हा षट्कोनी, आठ मजली मनोरा. १८१४मध्ये नेपोलियन हरला, इंग्रज जिंकले, त्या आनंदात उभारलेला. राज्य तर १७९९लाच कंपनीच्या हाती गेलं होतं! बृहदीश्वराच्या भिंतीवर याच राजाने कोरवलेला भोसल्यांचा मराठी इतिहास मी मिरवत सगळ्यांना दाखवते. इथली खुशामत मात्र कुणी मला भाषांतराला देऊ नये.

पाल्कच्या सामुद्रधुनीत लाटा जवळपास नाहीतच. बंदराजवळच्या मेसमध्ये केळीच्या पानावर भात आणि मीन कुळंबू मिळालं, चिंचेचं, झणझणीत. वाढणाऱ्या अम्मांना विचारलं, “मनोरा म्हणजे काय हो?”

“मनोरा म्हणजे मनोरा,” त्या म्हणाल्या, आणि न विचारता आणखी भात वाढला.