पाटीलबाबांच्या दारी

वीस वर्षे मी पुण्यात मराठी शिकवतो आहे, बखरीही शिकवल्या. पण वानवडीच्या शिंदे छत्रीत पाऊल टाकायला ग्वाल्हेरच्या आत्याला पुण्यात यावे लागले! अठ्ठ्याहत्तर वर्षांची आत्या दारातच म्हणाली, "अरे, पाटीलबाबा इतके जवळ, आणि तू आज येतोस?" चपला काढण्याच्या निमित्ताने मी मान खाली घातली.

आत शिरले की शहराचा गलबला मागे राहतो. दगडी शिवमंदिर, त्याला लागून रंगीत काचांच्या खिडक्यांचा दिवाणखाना, भिंतींवर शिंदे घराण्यातील पुरुषांच्या तसबिरी. आणि जवळच महादजींची समाधी.

१७६१ च्या पानिपताने घराण्यातली कर्ती माणसे नेली. महादजी वाचले, ते जन्माचे लंगडे होऊन. त्याच पायाने ते पुन्हा उत्तरेत गेले. १७७२ मध्ये शाहआलम बादशहाला त्यांनी दिल्लीत आणून बसवले. १७७९ मध्ये पुण्यावर चालून आलेल्या इंग्रजांना वडगावला शरण आणले. १७८४ मध्ये पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलकी मिळवली. म्हणजे बादशाहीचा कारभारच हाती आला. द बॉयनकडून कवायती पलटणी उभ्या केल्या.

असा हा पुरुष १७९२ मध्ये बादशाही वस्त्रे घेऊन पुण्यास आला आणि दरबारात सर्वांच्या खाली बसला. तरुण सवाई माधवरावांचे जोडे उचलून, हेच आमचे वडिलोपार्जित काम, असे ते म्हणाले, अशी कथा सांगतात. पण नम्रतेच्या तळाशी हिशेब होता. मोहिमांचा खर्च पुण्याने द्यावा, हे महादजींचे म्हणणे. आधी उत्तरेचा वसूल दाखवा, हे नाना फडणिसांचे. हा वाद चालू असतानाच १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीच्या मुक्कामी महादजी वारले. पुढे नऊच वर्षांत, १८०३ मध्ये, दिल्ली इंग्रजांकडे गेली. हिशेब मागणारे आणि देणारे, दोघांच्याही हातून मूळ रक्कमच गेली!

आत्या समाधीपुढे बराच वेळ बसली होती. मग हलकेच म्हणाली, "आमची माणसं यांच्यामागे गेली, ती तिकडचीच झाली. हे मात्र परत आले हो."

तिचे परतीचे तिकीट दुसऱ्या दिवशीचे होते. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "ते दिवाळीनंतरचं कर."