कोबे : डोंगर, मंदिर आणि मोडलेला धक्का

चिरंजीव नोकरीनिमित्त ओसाका येथे राहतात. गेल्या कार्तिकात आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा सासूबाईंनी एकच अट घातली होती. बाकी काही दाखवले नाही तरी चालेल, परंतु कोबेचे महावीर मंदिर पाहिल्याशिवाय सोलापूरला परतायचे नाही.

ओसाकाहून कोबेचे सान्नोमिया स्थानक जलद गाडीने अर्ध्या तासाच्या आत येते. उत्तरेस रोक्कोची डोंगररांग आणि दक्षिणेस समुद्र, या दोहोंच्या चिंचोळ्या पट्टीत हे शहर वसले आहे. रस्ता चुकला तर चढ कोणत्या बाजूस आहे एवढेच पाहावे. चढ म्हणजे उत्तर. शिन-कोबे स्थानकाच्या पाठीशीच नुनोबिकीचा धबधबा आहे. ‘नुनो’ म्हणजे कापड आणि ‘बिकी’ म्हणजे ओढणे, ताणणे, असे मुलाने सांगितले. कड्यावरून ताणून सोडलेल्या पांढऱ्या ठाणासारखी ती धार पाहून, मागांच्या खडखडाटात वाढलेल्या आम्हा सोलापूरकरांना ते नाव लगेच पटले. पायऱ्या बऱ्याच असल्याने सासूबाई मात्र खालीच थांबल्या.

तेथून किटानो. 1868 साली हे बंदर परदेशी व्यापारास खुले झाले आणि या चढावर युरोपीय व्यापाऱ्यांनी घरे बांधली. 1923 च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तेथील अनेक भारतीय व्यापारी कोबेला आले. पुढे मोत्यांच्या व्यापारात जैन कुटुंबांनी येथे जम बसवला आणि 1985 साली याच वस्तीत संगमरवरी जिनालय उभे राहिले. जपानी घरांच्या ओळीत ते नक्षीदार पांढरे शिखर दिसताच सासूबाईंची चाल बदलली. आम्ही दिगंबर, मंदिर श्वेतांबर आम्नायाचे. मूर्तीचे डोळे व अंगरचना पाहून त्या क्षणभर घुटमळल्या, मग हात जोडून णमोकार म्हणू लागल्या. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाल्या, “भगवंत तेच की गं.”

भोजनाची चिंता आम्ही घरूनच मिटवली होती. जपानी सूपात वाळलेल्या माशाचा अर्क बहुधा असतोच, त्यामुळे वरवर शाकाहारी दिसणारा पदार्थही घेववत नाही. डब्यात कडक भाकरी आणि लसूण न घातलेली शेंगाचटणी होती. (अशी चटणी सोलापुरी नव्हेच, असे आमचे शेजारी म्हणतात, म्हणोत.) नोव्हेंबरात तेथे सूर्य पाचच्या आतच मावळतो, म्हणून साडेतीनलाच बंदरावरचे मेरिकेन उद्यान गाठले. लाल मनोऱ्याजवळ बाक पाहून डबा काढला. तेवढ्यात सासूबाईंचे लक्ष बाजूच्या कठड्याकडे गेले.

17 जानेवारी 1995 रोजी पहाटे 5 वाजून 46 मिनिटांनी आलेल्या भूकंपात मोडलेल्या धक्क्याचा काही भाग तेथे जसाच्या तसा राखला आहे. खचलेले दगड, मध्ये शिरलेले पाणी, कललेले दिव्याचे खांब. त्या भूकंपात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. जुन्या लाकडी घरांची जड कौलारू छपरेच अनेकांवर कोसळली, हे मुलगा सांगत होता.

“आमच्याकडे माळवदं होती,” सासूबाई म्हणाल्या.

त्यांचे माहेर किल्लारीच्या जवळचे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास त्यांची धाकटी बहीण दगडमातीच्या भिंतींखाली गेली, एवढे मला लग्नानंतर सांगण्यात आले होते. त्यापुढे तीस वर्षांत त्या विषयावर त्या बोलल्या नव्हत्या. कठडा धरून, पाण्याकडे पाहत त्यांनी सांगितले की आदला दिवस अनंत चतुर्दशीचा होता. बहिणीने दशलक्षणाचे दहाही उपवास केले होते. सकाळी पारण्याला हिला बोलावले होते. सोलापूरहून पहिल्या एस.टी.ने निघायचे म्हणून हिने रात्रीच मुगाचे लाडू बांधून ठेवले होते.

“त्या लाडवांचं काय केलं, ते आठवतच नाही बघ,” त्या म्हणाल्या.

एक जपानी आजोबा कठड्याशी आले, टोपी काढून मान लववली आणि थोडा वेळ आमच्या शेजारीच उभे राहिले. मुलाने घड्याळ पाहून सूर्यास्ताची आठवण केली. सासूबाईंनी अर्धी भाकरी घेतली, पाणी प्याल्या आणि उरलेला डबा स्वतःच्या हाताने बंद केला.