परत फिरलेले विमान

मुंबईला उतरताना खिडकीतून घरांची छपरे दिसतात. लेहला उतरताना दोन्ही बाजूंना डोंगर दिसतात, तेही आपल्या खिडकीच्या उंचीवर! हा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५६ मीटरवर आहे. २४ मे १९४८ रोजी मेहर सिंग यांनी तिथल्या कच्च्या धावपट्टीवर पहिले डाकोटा उतरवले. तेव्हापासून डोंगर तेच आहेत आणि हवाही तितकीच विरळ. विरळ हवेत पंखांना आधार कमी मिळतो, म्हणून विमान अधिक वेगाने उतरते. दुपारी वारा उठतो, त्यामुळे बहुतेक प्रवासी विमाने सकाळीच येऊन जातात. वैमानिकांना इथल्यासाठी खास प्रशिक्षण घ्यावे लागते.

माझा धाकटा भाऊ तिकडे नोकरीला आहे. अम्मीने दीड वर्ष त्याचे तोंड पाहिले नव्हते. खोबऱ्याच्या वड्यांचा डबा मांडीवर घेऊन ती विमानात बसली. लेह अगदी जवळ आले आणि वैमानिकाने सांगितले, ‘खाली ढग आहेत, आपण दिल्लीला परत जात आहोत.’

दिल्लीत प्रवाशांनी काउंटरवर एकच गलका केला. कुणाचे हॉटेल बुडाले होते, कुणाची रजा. एक गृहस्थ म्हणाले, ‘जरा धीर केला असता तर उतरलो असतो.’ अम्मी शांतपणे म्हणाली, ‘भाईसाब, धीर तर त्यानेच केला. एवढ्या लोकांची नाराजी पत्करून परत फिरला.’

दुसऱ्या दिवशी आम्ही पोहोचलो. मुलासाठी बिर्याणी करायला निघालेल्या अम्मीला भावाने दोन दिवस बिछान्यावरून उठू दिले नाही. इतक्या उंचीवर एकदम आल्यावर शरीराला सवय व्हायला वेळ द्यावा लागतो.

आपल्याकडे निकाहाला निघालेली गाडी भर पावसात घाटात अडते. मागून कुणीतरी म्हणतेच, ‘चल रे, वऱ्हाड खोळंबलंय.’ ड्रायव्हर बिचारा भिडेखातर गाडी दामटतो. अशा वेळी घरातल्या मोठ्या माणसानेच म्हणावे, ‘थांब बेटा, उशीर झाला तरी चालेल.’ दुआ करून निघालेल्या माणसालाही वाटेत थांबता आले पाहिजे. वऱ्हाड तासभर वाट पाहील. घरी वाट पाहणाऱ्या आईला मात्र आपण सुखरूप हवे असतो.