काशीयात्रा आणि अर्धें रीळ

गेल्या कार्तिकांत चिरंजीवांसमवेत मुंबईहून काशीस विमानानें जाण्याचा योग आला. गंगेच्या घाटांचीं चित्रें घ्यावींत म्हणून चिरंजीवांनीं आपला किंमती कॅमेरा व दोन भिंगें घेतलीं. मीं माझा जुना फिल्मचा कॅमेरा घेतला. त्यांतील रीळ अर्धेंच वापरलेलें होतें, व त्यावर आमच्या कैलासवासी कुटुंबाचीं शेवटल्या संक्रांतीचीं दोन चित्रें होतीं.

आमच्या विमानांत सोबत ७ किलोंचीच पिशवी नेऊं देत. आमची ९ भरली. "सामानाच्या कोठारांत पाठवा," कारकून म्हणाला. चिरंजीवांनीं निमूटपणें एकेक भिंग आम्हां दोघांच्या कोटांच्या खिशांत घातलें. विमानास भार तितकाच, पण नियमाचें समाधान झालें! सुट्या बॅटऱ्या मात्र जवळच बाळगाव्या लागतात. कोठारांत त्या पेटल्या तर विझवावयास कोण जाणार?

खरी धाकधूक पुढेंच होती. तपासणीच्या क्ष-किरणांनीं न धुतलेली फिल्म बिघडूं शकते, आणि नव्या सी.टी. यंत्रांत तर एका खेपेंतच, हें चिरंजीवांनीं रांगेंत उभें राहिल्यावर सांगितलें, घरीं नाहीं! अधिकाऱ्यांस विनविलें कीं, झाकण न उघडतां हातानेंच पाहावें. त्यांनीं कॅमेरा उलटसुलट केला. बोट झाकणाच्या खिटीवर गेलें, क्षणभर थांबलें, आणि कॅमेरा माझ्या हातीं परत आला.

परतीसही तीच विनवणी केली. घरीं आल्यावर रीळ धुवून आणविलें. हळदीकुंकवाचें तबक घेऊन ती उभी आहे. चित्र किंचित् हललेलें आहे. पण तो दोष क्ष-किरणांचा नव्हे, माझ्याच हाताचा.