पेणचा गोंगाट, रोह्याची ओटी

दिवा स्टेशन ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. बाकीच्यांसाठी सांगते. फास्ट लोकल धडधडत निघून जाते, तेवढ्यात तीन भाषांमधली अनाउन्समेंट सुरू होते. मागून वडापावचा वास, पुढे कुणाच्या तरी मोबाइलवर हेडफोनशिवाय चाललेली रील्स, आणि बाजूच्या काकूंच्या ओल्या छत्रीचं पाणी थेट आपल्या पायावर. यातली एकेक गोष्ट काही वाईट नाही हो! पण सगळ्या एकदम आल्या की घरातले, शेजारचे, वरच्या मजल्यावरचे असे सगळे टीव्ही कुणीतरी एकाच वेळी लावल्यासारखं होतं. मान आखडते. समोरचा बोलतोय ते ऐकू येतं, पण कळत नाही. आणि एकच इच्छा उरते... इथून बाहेर!

हल्ली याला सेन्सरी ओव्हरलोड म्हणतात. हा काही स्वतंत्र आजार नाही. आपला मेंदू दिवसभर कान, डोळे, नाक, कातडी यांच्याकडून येणारा बहुतेक माल परस्पर फेकून देत असतो आणि कामाचं तेवढंच पुढे पाठवतो. झोप कमी, डेडलाइन जास्त असली की ही चाळणी सैल पडते. मायग्रेन असलेल्यांची, ऑटिझम किंवा एडीएचडी असलेल्यांची चाळणी तर पुष्कळदा मुळातच वेगळी असते. मी मायग्रेनवाली. त्यामुळे मॉलचा सेल, ऑफिसची नवरात्र पार्टी, मित्रमंडळींचं लालबाग, या सगळ्याला माझं वर्षानुवर्षं एकच उत्तर ठरलेलं, 'तुम्ही जा, मी नंतर जॉइन होते.' नंतर कधी जॉइन झाले नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

पण २०२५च्या ऑगस्टमध्ये पंचाईत झाली. आमच्या घरचा गणपती पेणचा. दरवर्षी बाबा स्वतः जाऊन मूर्ती पसंत करून येतात. या वेळी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. आई म्हणाली, ऑनलाइन फोटो बघून ठरवू या का? बाबा काही बोलले नाहीत, फक्त पेपर उघडून बसले. आमच्या घरात याचा अर्थ सगळ्यांना कळतो. मी डोंबिवलीहून दिव्याला आले आणि रोह्याच्या मेमूत बसले.

पनवेल सुटलं की ही गाडी वेगळीच होते. आपटा, जिते, हमरापूर... स्टेशनांच्या नावांबरोबर डबा रिकामा होत जातो आणि खिडकीतून भातखाचरं आत येतात. मी उतरले हमरापूरला. पेण शहरात गणपतीचे कारखाने आहेतच, पण हमरापूर, जोहे, कळवे ही आसपासची गावं म्हणजे अख्खा कारखानाच. घरात मूर्ती, अंगणात मूर्ती, प्लॅस्टिकच्या कागदाखाली रांगेने झाकलेल्या मूर्ती. परदेशी जाणाऱ्या मूर्ती चतुर्थीच्या कितीतरी महिने आधीच जहाजाने रवाना झालेल्या असतात. विसर्जन झालं की थोड्याच दिवसांत पुढच्या वर्षीचे साचे बाहेर निघतात. त्यामुळे इथे 'सीझन' असा नसतोच, असते ती फक्त शेवटची घाई. मी नेमकी त्या घाईत पोचले होते.

आत पाऊल टाकलं आणि माझी चाळणी गेलीच! स्प्रेगनचा कॉम्प्रेसर घरघरतोय, रंगाचा वास नाकात, ट्यूबलाइटखाली शेकडो सोनेरी मुकुट चमकतायत, पत्र्यावर पाऊस, रेडिओ, टेम्पोवाल्याचा हॉर्न, गिऱ्हाइकांची घासाघीस. दारातच उभी राहिले. आणि या सगळ्याच्या बरोबर मधे एक काका पाटावर मांडी घालून गणपतीच्या डोळ्यांची आखणी करत होते. हातात अगदी बारीक ब्रश. एक रेघ चुकली तर आख्ख्या मूर्तीचा भाव बदलतो, असं ते काम.

त्यांनी ब्रश खाली ठेवल्यावर मी विचारलं, "काका, एवढ्या आवाजात हात हलत नाही?"

"आवाजाने नाही हलत," ते म्हणाले. "कॉम्प्रेसर काय, सकाळपासून चालूच आहे. मधेच कुणी हाक मारली की हलतो. म्हणून डोळे चालू असताना मला हाक मारायची नाही, असं पोरांना सांगून ठेवलंय."

मला हे ऐकून जाम आनंद झाला. कारण हेच अगदी, फक्त आकडेवारीसकट, दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी लिहून ठेवलंय. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर. त्यांचं 'अर्बन स्ट्रेस' हे पुस्तक १९७२ सालचं. त्यांनी लोकांना बसवून मोठमोठे कर्कश आवाज ऐकवले. काहींना ठरावीक अंतराने, काहींना कधीही, कसेही. आवाज चालू असताना दोघांचंही काम बऱ्यापैकी झालं. खरी गंमत नंतर. आवाज थांबल्यावर अवघड कोडी आणि प्रूफरीडिंग करायला दिलं, तर कधीही-कसेही आवाज ऐकलेल्यांनी लवकर हात टेकले आणि चुकाही जास्त केल्या. (सोमवारी सकाळी ऑफिसात आपला मेल तीनदा का वाचावा लागतो, याचा थोडा खुलासा झाला ना?)

पुढचा भाग तर झकासच. काही जणांच्या हाताशी त्यांनी एक बटण ठेवलं. फारच असह्य झालं तर दाबा, आवाज बंद होईल. पण शक्यतो दाबू नका, असं सांगितलं. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. म्हणजे आवाज तेवढाच, वेळ तेवढाच. तरीही नंतरच्या कामात ही बटणवाली मंडळी सरस ठरली. बटण आहे, एवढं माहीत असणंच पुरेसं होतं.

त्या दिवशी हमरापुरात मी माझं बटण ठरवलं. कारखान्यातून चालत जाता येईल असं स्टेशन. गाड्या मोजक्याच, त्यामुळे मधल्या वेळात प्लॅटफॉर्मवर पाऊस आणि बेडूक सोडले तर कुणी नाही. कितीही झालं तरी आपण तिथे जाऊन बसू शकतो. हे एकदा मनात पक्कं केलं आणि परत आत शिरले. एक नाही, चार कारखाने पाहिले. बाबांना व्हिडिओ कॉल लावून शाडूची दीड फुटी मूर्ती ठरवली. स्टेशनवर गेले ते गाडीची वेळ झाल्यावरच.

आता थोडं गॅजेटबद्दल, कारण तुमच्यापैकी अर्धे जण विचारणार, अगं पण नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घे ना! घेतलेत. कॉम्प्रेसरची किंवा गाडीची एकसुरी घरघर ते मस्त गिळतात. पण टेम्पोचा हॉर्न, ताशाची कडकड, फटाका असा अचानक येणारा आवाज त्यांच्या हातून बराचसा निसटतो. आणि काकांनी सांगितलंच आहे, त्रास नेमका त्याचाच. त्यापेक्षा केमिस्टकडचे फोमचे इअरप्लग बरे, सगळंच थोडं थोडं कमी करतात आणि खिशात मावतात. मिरवणुकीत स्पीकरपाशी अडकलात तर आधी मागे सरका. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. दोन मीटरवरून चार, चारवरून आठ. दहा पावलांत बराच फरक पडतो. आणि 'सवय करून घे, मग काही वाटत नाही' म्हणणाऱ्यांचं मला बिलकुल पटत नाही. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसांच्या पेशी एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. त्यांना कुठली आलीय सवय!

पेण जमलं, तशी हिंमत वाढली. ऑक्टोबरात दसऱ्याला मी पुन्हा त्याच गाडीत होते. या वेळी पेण, कासू, नागोठणे, निडी करत शेवटपर्यंत, रोह्याला. तिथे माझी आत्या राहते. कोकण रेल्वे सुरू होते ते हे रोहा, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुखांचं आणि पांडुरंगशास्त्री आठवल्यांचं. एका बाजूला धाटावच्या एमआयडीसीच्या केमिकल कंपन्या, दुसऱ्या बाजूला कुंडलिका. कोलाडला राफ्टिंगला तुम्ही गेला असालच. तीच नदी, तेच भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेलं पाणी, फक्त इथे आल्यावर शांत झालेलं.

रोह्याचं ग्रामदैवत धावीर महाराज. दसऱ्यानंतर त्यांची पालखी निघते, तिला पोलिसांची मानवंदना मिळते, आणि मग ती गावात आळीआळीतून, दारादारांतून फिरते. मी नऊ वर्षांची असताना एकदा पालखीसोबत निघाले होते. खालू बाजा, गुलाल, माणसांच्या कोपरांचं जंगल... रडत परत आले होते. त्यानंतर दर दसऱ्याला आत्याचा फोन यायचा आणि माझी परीक्षा, प्रोजेक्ट, रिलीज, काही ना काही असायचंच.

आत्याने मला पालखीच्या पुढेमागे पिटाळलं नाही. म्हणाली, "ओटीवर बस. फार झालं तर माजघरात जा. त्याच्याहून झालं तर परसदारी विहिरीपाशी. पालखी काही पळून जात नाही गं, ती आपल्या दारात यायचीच आहे."

मी त्या घराकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. रस्ता, मग अंगण, मग पायऱ्या, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, परसदार. प्रत्येक उंबऱ्याला आवाज थोडा गळतो, उजेड थोडा मंद होतो. ओटीवर तुम्ही घरातही असता आणि रस्त्यावरही. गर्दीत सामील व्हायचं की नाही हे तिथे मिनिटामिनिटाला ठरवता येतं, आणि कुणी विचारत नाही, का गेलीस आत? डोंबिवलीच्या आमच्या फ्लॅटचं दार उघडलं की समोर थेट लिफ्ट. मधलं काही नाहीच. ऑफिसचं ओपन फ्लोअर तर विचारूच नका. सगळा रस्ताच, घर कुठेच नाही.

शेजारच्या ओटीवर एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा बसला होता, दोन्ही कानांवर मोठे मफ लावून. ऑटिझम आहे, त्याच्या आईने आपणहून सांगितलं. मी विचारलं, त्रास होत नाही का त्याला या दिवशी?

"रस्त्यावर नेलं तर होतो," ती म्हणाली. "पण पालखी दारात येते ना, मग मी त्याला कशाला नेऊ? खालू बाजा कोपऱ्यावर आला की मी त्याला बोटांनी सांगते, आता एवढी घरं राहिली. तो मोजत बसतो."

म्हणजे कधी येणार ते माहीत, किती वेळ ते माहीत, आणि मागे दार उघडं. ग्लास आणि सिंगर यांना ही बाई भेटायला हवी होती!

लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाने २०१६ साली न दिसणारं अपंगत्व असलेल्यांसाठी सूर्यफुलाची दोरी काढली. गळ्यात ती दिसली की कर्मचारी घाई करत नाहीत. ब्रिटनमधल्या दुकानांत २०१७पासून 'ऑटिझम अवर' पाळला गेला, तासभर दिवे मंद, गाणी बंद. आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. पण आपल्या मॉलमध्ये फूड कोर्ट सापडतं, गेमिंग झोन सापडतो, आणि दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं म्हटलं तर बेसमेंटचं पार्किंग. स्टेशनवर तर तेही नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. ते पाळले तर उत्तमच. पण नियम फार तर आवाज उतरवतो. ओटी आपल्याला मिळेल ती कुणीतरी बांधली तरच, आणि मॉल बांधणाऱ्याला एक मंद दिव्याची खोली काही जड नाही.

पालखी आत्याच्या आळीत शिरली तेव्हा मी माजघरात होते. झांजा जवळ आल्या, शेजारचा मुलगा मोठ्याने "तीन!" म्हणाला ते भिंतीपलीकडून ऐकू आलं. "दोन"ला मी ओटीवर आले. मग पायऱ्यांवर. आत्याच्या हातात आरतीचं ताट होतं, तिने ते माझ्याकडे दिलं आणि स्वतः पदर सावरत बाजूला झाली. ढोल छातीत वाजत होता. पालखी दारात थांबली, मी ओवाळलं. सगळं मिळून एखाद-दोन मिनिटं असेल. मग पालखी पुढच्या दाराकडे सरकली, आणि मी आत जाऊन तांब्याभर पाणी प्यायले.

तुम्हाला जायचं असेल तर पेणचे कारखाने आषाढात बघा, आणि शक्यतो मधल्या वारी. चतुर्थीच्या आधीचे दोन आठवडे टाळा, तेव्हा मुंबई-गोवा हायवेवर वडखळपर्यंत गाड्यांचीच मिरवणूक असते. दिव्याहून रोह्याची गाडी धरा, हमरापूरला किंवा पेणला उतरा. पेण स्टेशनहून गावात यायला रिक्षा मिळते. कारखान्यात कुणी डोळे आखत असेल तर लांबूनच बघा, हाक मारू नका. रोह्याला कुठल्याही रविवारी जा, संध्याकाळी कुंडलिकेच्या काठावर बसायला जागा मिळते. आणि परतीच्या वाटेवर पेणला उतरणार असाल तर पोहे आणि पापड विसरू नका. आमच्या आईने मला मूर्तीपेक्षा जास्त सूचना पापडांबद्दल दिल्या होत्या.